गोविंदा नांवाची घार

गेल्या मार्गशीर्षांत महाविद्यालयाच्या सहलीबरोबर जेजुरीस जाण्याचा योग आला. दिवे घाट चढून गाडी माथ्यावर आली. सासवडच्या अलीकडे रस्त्याच्या दोहों बाजूंस वाळलेल्या गवताचा पिवळा माळ पसरलेला होता, आणि त्या गवताच्या शेंड्यांना पोट घांसत जावें तसा एक पांढुरका पक्षी संथपणें तरंगत चालला होता. पंख किंचित् वर उचललेले, मान खालीं, आणि चाल अशी सावकाश कीं, कांहीं हरवलेलें शोधीत असावा. गाडी थांबली होती. मुलें विचारूं लागलीं, तेव्हां आम्हीं अधिकारवाणीनें सांगून टाकिलें, "कापशी घार."

सहलींत प्राणिशास्त्राची एक विद्यार्थिनी होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनें आपली दुर्बीण आमच्या हातीं दिली. "सर, कापशीच्या खांद्यावर काळा डाग असतो. याच्या खांद्यावर कांहींच नाहीं. पंखांच्या टोंकांकडे पाहा बरें. तेथें काळी पाचर दिसते का?"

पाचर दिसत होती. चांगली ठसठशीत दिसत होती.

"मग ही घार नव्हे, सर. हा पांढुरका भोवत्या. रशियाच्या बाजूचा, हिंवाळ्यापुरता इकडे येतो."

पन्नाशी उलटल्यावर मनुष्यास आपली चूक कोणी दाखविलेली आवडत नाहीं, आणि ती विद्यार्थ्यानें दाखविलेली तर मुळींच आवडत नाहीं. या माळावरून आम्ही पंचवीस वर्षें जातयेत आहों. हा पक्षी दर हिंवाळ्यांत पाहत आलों आहों, आणि दर वेळीं तो कापशी घार आहे असें मनाशीं म्हणून पुढें गेलों आहों. म्हणजे पाहणें पंचवीस वर्षांचें आणि ओळख एका दुपारची. तथापि खरी लाज वाटली ती दुसऱ्या दिवशीं, आणि निराळ्याच कारणानें. ग्रंथालयांतून पक्ष्यांवरचीं जुनीं इंग्रजी पुस्तकें काढून पाहतां असें आढळलें कीं, एकोणिसाव्या शतकांतील ग्रंथकार या भोवत्यास 'सर्कस पॅलिडस' म्हणत, आणि रिवाजाप्रमाणें त्या नांवापुढें नांव ठेवणाराचें नांव लिहीत: साइक्स. हा साइक्स आम्हांस परका नव्हता. पेशवाईची अखेर आणि इंग्रजी अमलाचा आरंभ हा विषय आम्ही इतकीं वर्षें शिकवीत आहों; दख्खनच्या जमीनधाऱ्याचा प्रश्न निघाला कीं साइक्सच्या अहवालाचा हवाला देत आहों. त्याच साइक्सचीं पक्ष्यांवरचीं पानें मात्र आम्हीं न वाचतां उलटलीं होतीं. इतिहासाच्या प्राध्यापकाला पांखरांशीं काय कर्तव्य, अशी आमची समजूत!

विल्यम हेन्री साइक्स हा यॉर्कशायर परगण्यांतला. जन्म १७९० चा. १८०४ सालीं, म्हणजे ज्या वयांत आपल्याकडचा मुलगा आठवी-नववीच्या वर्गांत असतो त्या वयांत, तो कंपनीच्या मुंबई लष्करांत दाखल झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं लॉर्ड लेकच्या भरतपूरच्या वेढ्यांत लढत होता. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीची लढाई झाली. मागोमाग येरवड्याच्या बाजूनें इंग्रजी फौज पुण्यावर चालून आली, बाजीराव निघून गेला आणि शनिवारवाड्यावर कंपनीचें निशाण चढलें. या लढायांत साइक्स देशी शिपायांच्या पलटणीवर अंमलदार होता. पुणें शहराची आणि त्याची ही पहिली जवळची ओळख, आणि ती बंदुकीच्या नळीवरून झालेली. पुढें १८२० पासून चार वर्षें तो युरोपांत हिंडला. १८२४ सालीं परत आला तेव्हां मुंबईचा गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें त्यास एका नव्या जाग्यावर नेमिलें. काम असें कीं, पुणें, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांत फिरून जें जें मोजतां येईल तें तें मोजावें.

आणि साइक्सनें तें मोजलें. गांवें, घरें, माणसें, नांगर, बैल, पिकें, मजुरी, धारा, बाजारभाव, यांबरोबर त्यानें हवेचा दाब आणि उष्णमानहि मोजलें. दख्खनच्या हवेचा दाब दिवसाकांठीं दोनदां चढतो आणि दोनदां उतरतो हें त्यानें नळींतल्या पाऱ्यावरून टिपून ठेविलें, आणि तो निबंध १८३५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें छापिला. १८२९ च्या डिसेंबरांत काटकसरीखातर सरकारनें ही जागाच मोडली. पण गड्यानें काम टाकिलें नाहीं. परवानगी मिळवून तें तडीस नेलें आणि १८३१ च्या आरंभीं तो विलायतेस परतला. पुढें तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला, कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला, ॲबर्डीनतर्फे पार्लमेंटांत बसला, आणि १८७२ सालीं वारला. या मोठेपणाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. आम्हांस त्याच्या मोजण्याच्या संवयीशीं कर्तव्य आहे. ही संवय निव्वळ ज्ञानाच्या हौसेंतून आली असें समजण्याइतके आम्ही भोळे नाहीं; जिंकलेल्या मुलखांत काय काय हातीं लागलें याची यादी करण्याचा तो सरकारी उद्योग होता. परंतु यादी करणाराचे डोळे एकदां उघडले म्हणजे ते सरकारी हुकुमापाशींच थांबतात असें नाहीं. धाऱ्याच्या आंकड्यांतून एकहि पैसा ज्यानें वाढणार नव्हता अशा पक्ष्यांची, सस्तन प्राण्यांची आणि नदींतल्या माशांचीसुद्धां यादी या मनुष्यानें केली.

ही पक्ष्यांची यादी १८३२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तांत छापली गेली. संस्था तेव्हां नवी, १८२६ ची. यादींत पन्नासांहून अधिक पक्षी शास्त्रास नवे म्हणून सांगितले होते, आणि त्यांस नांवें देतांना साइक्सनें जी निवड केली ती पुणेकराने एकदां वाचावी अशी आहे. कांहीं नांवें अर्थात् उपकारकर्त्यांचीं. मोठ्या राखी सातभाईला त्यानें गव्हर्नर माल्कमचें नांव दिलें, आणि सह्याद्रींतल्या लालगळ्या शिंजिराला संस्थेचा चिटणीस व्हिगर्स याचें. कांहीं मुलखाचीं: एका रातव्यास त्यानें 'मराठी' ठरविलें, एका धोब्याला 'दख्खनी'. पण एका भुरक्या चिमुकल्या वटवट्याला त्यानें 'रामा' म्हटलें आहे, माळरानांतल्या तुरेवाल्या चंडोलास 'देवा', आणि आमच्या मंडईवर घिरट्या घालणाऱ्या, उकिरड्यावर उतरणाऱ्या, पोरांच्या हातांतला खाऊ पळविणाऱ्या नेहमींच्या घारीला 'मिल्व्हस गोविंदा'. मिल्व्हस म्हणजे लॅटिनांत घार; गोविंदा म्हणजे आपला गोविंदच.

गोविंद हें कृष्णाचें, म्हणजे विष्णूचें नांव. विष्णूचें वाहन गरुड, आणि आपल्या लोकसमजुतींत गरुडाचा मान मिळतो तो ब्राह्मणी घारीला. तिचें डोकें पांढरें शुभ्र, अंग विटकरी, आणि बसणें-उठणें रुबाबदार. काळ्या घारीला असा मान कोणीं दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तेव्हां देवाचें नांव एका घारीऐवजीं दुसरीला गेलें असें फार तर म्हणतां येईल. आमच्या मतें बिघडलें कांहींच नाहीं. गोकुळांत घरोघर शिरून खाऊ पळविणाराचें नांव कोणत्या घारीला अधिक शोभतें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. खुद्द साइक्सच्या नोंदींतहि तिचें हेंच चरित्र आहे: आकाशांत घिरट्या घालीत राहणें, कोंबडीच्या पिलावर किंवा टाकलेल्या खरकट्यावर टपणें, आणि प्रसंगीं स्वयंपाकघरांतून बंगल्याकडे नेत असलेल्या ताटांतलें मांस झडप घालून उचलण्याचें धाडस करणें. ज्याचें ताट एकदां तरी रिकामें झालें असेल त्याच्याच लेखणींतून असें वाक्य उतरतें.

आतां प्रश्न असा कीं, घारीची 'पहिली ओळख' साइक्सला पटली म्हणजे नेमकें काय झालें? घार त्यानें प्रथम पाहिली ती १८३२ सालीं नव्हे. हिंदुस्थानांत पाऊल ठेवल्यापासून, म्हणजे पावशतकाहून अधिक काळ, ती रोज त्याच्या डोक्यावर हिंडत होती. भरतपुराबाहेर होती, खडकीच्या माळावर लढाईनंतर तर खासच होती. एवढ्या काळांत तिला नांव देण्याची त्यास गरज भासली नाहीं. कारण घार म्हणजे घार, ती त्याच्या देशांतहि होती. तांबूस अंगाची, खोल दुभंगलेल्या शेपटीची विलायती घार लंडनच्या रस्त्यांत घाण उचलीत असे, असे उल्लेख जुन्या इंग्रजी वाङ्मयांत आहेत. दोन घारी एकच नव्हेत असा संशय ज्या दिवशीं आला, त्या दिवशीं ओळखीस आरंभ झाला. मग दख्खनच्या घारीचें कातडें पिसांसकट सोलून, त्यास सोमल चोपडून, पेटींत भरून समुद्रापार नेलें गेलें. पंख, शेपूट, चोंच यांचीं मापें घेतलीं गेलीं. संग्रहांतल्या इतर कातड्यांशेजारीं तें ठेवून पाहिलें गेलें. शेपटी तितकी दुभंगलेली नाहीं, रंग तितका तांबडा नाहीं, बांधा वेगळा. तेव्हां नवी जाति! त्या काळीं शास्त्रज्ञ पक्षी ओळखीत तो मेलेला ओळखीत. दुर्बिणींतून जिवंत पक्षी पाहून त्याची जाति सांगणें, आणि ती सांगणाराचा विश्वास धरणें, ही विसाव्या शतकाची रीत आहे. आमच्या विद्यार्थिनीनें सासवडच्या माळावर जें अर्ध्या मिनिटांत केलें, तें करावयास साइक्सला बंदूक लागली असती.

साइक्सच्या कातड्यांचा संग्रह पुढें कंपनीच्या लंडन येथील संग्रहालयांत गेला. कंपनी बुडाली, १८७९ सालीं तें संग्रहालयहि मोडलें आणि त्यांतले प्राणी ब्रिटिश म्युझियमकडे आले. पुण्याच्या आकाशांतली घार अशा रीतीनें राज्यें उलथलीं तरी फडताळांत राहिली. तिच्या नांवाचें मात्र तसें झालें नाहीं.

शास्त्राचा एक कायदा आहे: ज्याचें नांव आधीं छापलें त्याचें नांव खरें, नंतर देणारा कितीहि विद्वान् असो. आपल्याकडच्या वतनाच्या तंट्यांसारखाच हा प्रकार. जुना कागद दाखवील तो जिंकतो. घारीच्या बाबतींत जुना कागद निघाला तो एका डच वैद्याचा. पीटर बोडार्ट हें त्याचें नांव. फ्रान्सांत बुफाँच्या पक्षिग्रंथाबरोबर रंगीत चित्रें निघालीं होतीं, पण बुफाँचा लिनीअसशीं दावा असल्यामुळें त्या चित्रांखालीं लिनीअसच्या पद्धतीचीं दुहेरी लॅटिन नांवें नव्हतीं. बोडार्टनें १७८३ सालीं एक लहानसें पुस्तक छापून त्या चित्रांस एकामागून एक नांवें वांटलीं. 'काळी घार' या चित्रास 'मिग्रान्स', म्हणजे प्रवासी, हें नांव मिळालें. आणि त्याच पुस्तकांत 'पाँडिचेरीचा गरुड' असें ज्या चित्राखालीं लिहिलें होतें त्या आपल्या ब्राह्मणी घारीला 'इंडस' हें मिळालें. पक्ष्यांच्या मागें रानोमाळ हिंडण्याची या नांवांसाठीं बोडार्टला गरज पडली नाहीं. चित्रें पुढें होतीं, तेवढें पुरलें. युरोपांतली काळी घार आणि दख्खनची घार या मुळांत एकाच जातीच्या, असें पुढल्या पंडितांनीं ठरविलें. तेव्हां बोडार्टचें नांव वर बसलें आणि साइक्सचा गोविंदा उपजातीच्या तिसऱ्या पाटावर जाऊन बसला: मिल्व्हस मिग्रान्स गोविंदा. पाट खालचा असला तरी पंगतींतून उठविलें नाहीं, हेंच समाधान.

भोवत्याच्या बाबतींत तेवढेंहि समाधान राहिलें नाहीं. साइक्सनें त्यास 'फिकट' या अर्थाचें नांव दिलें, आणि तें इतकें समर्पक कीं, इंग्रजींत तो अजून त्याच अर्थाच्या नांवानें ओळखला जातो. परंतु साम्युएल गोट्लीब ग्मेलिन नांवाच्या जर्मन प्रवाशानें रशियाच्या बादशाहीकरितां प्रवास करीत असतां व्होरोनेझच्या बाजूस हाच पक्षी पाहून १७७० सालींच त्याचें वर्णन छापलें होतें, आणि त्यास 'लांबशेपट्या' या अर्थाचें नांव दिलें होतें. हा ग्मेलिन पुढें कॉकेशसांतल्या एका खानाच्या कैदेंत १७७४ सालीं मेला. वय जेमतेम तीस वर्षांचें होतें. त्याच्या मरणानंतर अर्ध्या शतकानें साइक्सनें दख्खनच्या माळावर तोच पक्षी 'प्रथम' ओळखला. दोघांनींहि प्रामाणिकपणें ओळखला. पण एकानें त्यास त्याच्या घरीं पाहिला, दुसऱ्यानें हिंवाळ्याच्या बिऱ्हाडीं. पक्षी एक, मुलूख दोन, आणि मध्यें हजारों कोसांचें अंतर. व्होरोनेझच्या गवताळ पठारावरून सासवडच्या माळावर दरवर्षीं जाणारा-येणारा हा एकच पाहुणा या दोन्ही पुस्तकांस ठाऊक होता. पुस्तकांस मात्र परस्परांची ओळख पटावयास काळ जावा लागला. याला चूक म्हणावें तर आमची चूक कोणत्या शब्दानें सांगावी? साइक्सनें निदान भोवत्याला घार म्हटलें नाहीं.

एवढें लिहून झाल्यावर वाचक विचारतील, आणि त्यांनीं विचारावेंच, कीं आमच्या वाडवडिलांनीं घार ओळखलीच नव्हती काय? घार या शब्दास साइक्सची वाट पाहावी लागली नाहीं. गंमत अशी कीं, साइक्स दख्खन सोडून गेला त्याच १८३१ सालीं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईस छापून निघाला. त्यासाठीं शास्त्रीमंडळी बसवून गांवोगांवचे शब्द गोळा केले होते. त्यांत घार आहे, ससाणा आहे, शिकरा आहे, बहिरी आहे. एकाच दशकांत, एकाच मुलखांत, एक इंग्रज अंमलदार पक्षी गोळा करीत होता आणि दुसरा शब्द गोळा करीत होता. एकाच्या पेटींत बिननांवाचीं कातडीं, दुसऱ्याच्या वहींत बिनकातड्यांचीं नांवें.

आणि हे शब्द निव्वळ शब्द नव्हते. ज्यांना हातावर पक्षी वागवावा लागे त्यांची नजर कोणत्याहि पंडिताइतकी तिखट होती. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना गणलेला आहे. बाज, बहिरी, शिकरा हे शब्द शिकारीच्या फारसी परिभाषेंतून आपल्या बोलींत उतरले. कुमाऊंचा राजा रुद्रदेव यानें सोळाव्या शतकांत 'श्यैनिकशास्त्र' नांवाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. हरप्रसाद शास्त्री यांनीं तो १९१० सालीं कलकत्त्यास छापून काढिला. त्यांत शिकारी पक्ष्यांचे दोन वर्ग केले आहेत, तेहि डोळ्यांवरून: काळ्या डोळ्यांचे आणि पाटल डोळ्यांचे. आज प्राणिशास्त्राचा प्राध्यापकहि आपल्या विद्यार्थ्यांस बहिरी-ससाण्यांचा काळा डोळा आणि शिकऱ्याचा पिवळा-तांबडा डोळा हाच भेद प्रथम दाखवितो. जेथें गरज होती तेथें आमच्या लोकांनीं केसाइतका भेद ओळखला. घारीची गरज कोणास नव्हती. ती हातावर बसत नाहीं, शिकार आणून देत नाहीं. म्हणून एक शब्द पुरला. तिचें चित्त पिलापाशीं असतें एवढें संतांनीं सांगितलें आणि आपण तें मनांत धरलें. पण तीं पिलें ती कोणत्या महिन्यांत काढते, घरटें कोणत्या झाडावर बांधते, पावसाळ्यांत शहरांतल्या घारी कमी कां होतात, हें कोणीं लिहून ठेविलें नाहीं. ओव्या आहेत, नोंद नाहीं. ही तक्रार आम्ही पूर्वजांविरुद्ध करीत नाहीं. पंचवीस हिंवाळे भोवत्याला घार म्हणणारास तो अधिकार नाहीं.

साइक्सच्या बाजूनेंहि एक गोष्ट लिहून ठेविली पाहिजे, आणि ती त्याच्या फारशा कौतुकाची नाहीं. सस्तन प्राण्यांच्या यादींत त्यानें मराठी नांवें आवर्जून दिलीं आहेत: हा मराठ्यांचा लांडगा, हा मराठ्यांचा कोळसुना. कोळसुन्याला त्यानें शास्त्रीय नांवच 'दख्खनचा कुत्रा' या अर्थाचें ठेविलें. हीं नांवें त्यास कोणीं तरी सांगितलीं असतील. कोणी पारधी, कोणी धनगर, कोणी भिल्ल. कोणीं तरी त्याच्याबरोबर उन्हांतून चालून हें बीळ, हें घरटें, ही वाट असें दाखविलें असेल. नांवें छापलीं गेलीं, सांगणारे गेले नाहींत. माल्कमच्या नांवाचा सातभाई आज आमच्या बागेंत कलकलाट करीत असतो, पण साइक्सला वाटा दाखविणाऱ्या एकाहि माणसाचें नांव एकाहि पक्ष्याला मिळालें नाहीं. राम, देव आणि गोविंद यांस मिळालें, हें ठीकच. त्यांस नांवांची ददात नव्हती.

यादीचा उपयोग काय, असें आम्हांस तरुणपणीं कोणी विचारलें असतें तर आम्हीं खांदे उडविले असते. साइक्सच्या यादीच्या आरंभींच गिधाडें आहेत. शिकारी पक्षी प्रथम घ्यावयाचे हा त्या वेळचा क्रम. आमच्या लहानपणीं गांवाबाहेर मेलेलें जनावर टाकलें कीं, तासाभरांत आकाशांतून गिधाडें उतरत. किती? पुष्कळ. मोजावयाचें कोणास सुचेल? कावळे कोणी मोजतो काय? मग १९९० नंतरच्या दहापंधरा वर्षांत तीं गेलीं. गुरांस वेदना थांबविण्याकरितां दिलेलें डायक्लोफेनॅक हें औषध मेलेल्या गुराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाई आणि त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत, हें २००४ सालीं सिद्ध झालें. २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं तें औषध बंद केलें. तोंवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं हजारांत एखादें उरलें होतें. हा हिशेब करतां आला, तो कांहीं थोड्या माणसांनीं आधींच्या वर्षांत रस्त्यांच्या कडेनें जातां जातां गिधाडें मोजून ठेविलीं होतीं म्हणून. आमच्या गांवचा हिशेब करतां येत नाहीं. आम्ही तेथें होतों, डोळे होते, आणि आमच्याजवळ सांगावयास 'पुष्कळ' एवढा एक शब्द आहे.

त्या सहलीनंतर आम्हीं एक वही घातली आहे. घरांतलीं माणसें हंसतात. पण सायंकाळीं लकडी पुलावर जाऊन उभें राहण्यास कोणाची हरकत नाहीं. मुठेवरून घारी विसाव्याच्या झाडांकडे परतूं लागतात तेव्हां त्या मोजावयाच्या. पहिल्या दिवशीं एकोणीस झाल्या, मग एक कावळा मध्यें आला आणि हिशेब चुकला. आमच्या विद्यार्थिनीनें सांगून ठेविलें आहे कीं, हिंवाळ्यांत उत्तरेकडून आणखी एक घार इकडे उतरते; अंगानें मोठी, पंखाखालीं मनगटाजवळ पांढरा डाग अधिक मोठा आणि स्पष्ट. तिला ग्रेनें १८३१ सालीं, साइक्सच्या घारीच्या एक वर्ष आधीं, 'रेघांची' या अर्थाचें नांव दिलेलें आहे. पौषांत एके दिवशीं ओंकारेश्वराच्या बाजूनें एक घार अगदीं खालून, पुलाच्या कठड्याच्या उंचीनें आली. पंखाखालीं पांढरें दिसलें. पुरेसें पांढरें होतें कीं मावळतीचें ऊन पडलें होतें, याचा विचार करीत आहों तोंच ती नदीपात्रावरून वळून नारायण पेठेच्या घरांमागें गेली. वहींत त्या तारखेपुढें आम्हीं 'गोविंदा' लिहिलें, तें खोडलें, आणि एक प्रश्नचिन्ह काढून ठेविलें आहे. उद्यां पुन्हा जावयाचें आहे.